बग्ज बनीचे पाठभेद

शिकारी एल्मर फड बंदूक घेऊन सशाच्या बिळावर वाकलेला असतो. मागून तोच ससा, बग्ज बनी, येतो, त्याचे डोळे झाकतो आणि विचारतो, ओळख पाहू मी कोण? एल्मर एकेका नटीचं नाव घेत सुटतो. १९४० सालचं वॉर्नर स्टुडिओचं कार्टून 'अ वाइल्ड हेअर', दिग्दर्शक टेक्स एव्हरी. आज आपण ज्याला बग्ज बनी म्हणून ओळखतो तो खऱ्या अर्थाने इथे जन्मला. माझ्याकडे हे कार्टून एका जुन्या टेपवर होतं आणि त्यात एल्मर बार्बरा स्टॅनविकचं नाव घेतो. बऱ्याच वर्षांनी तेच कार्टून एका डिस्कवर लावलं, तर त्याच जागी कॅरोल लोम्बार्ड. थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. लोम्बार्डच.

उलगडा नंतर झाला. मूळ नाव लोम्बार्डचंच होतं. जानेवारी १९४२ मध्ये ती विमान अपघातात गेली, आणि कार्टून पुन्हा थिएटरांत आणताना तेवढं एक नाव बदलून घेतलं गेलं.

मी पस्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. दोन प्रती शेजारी ठेवायच्या आणि बोट फिरवत फरक शोधायचे, यातच डोळे गेले. त्यामुळे इतरांना या गोष्टीचं कौतुक वाटलं, मला मात्र ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. हा तर पाठभेद! पोथीची एक प्रत म्हणजे पोथी नव्हे, तसंच कार्टूनची एक प्रत म्हणजे कार्टून नव्हे. कुणीतरी ती कापलेली असते, कुणी नावं खरवडलेली असतात, कुणी रंग चढवलेला असतो, कुणाच्या कपाटात ती आंबलेली असते. नवा संग्राहक कार्टूनं जमवतो. थोडा मुरला की प्रती जमवायला लागतो. तुम्ही त्या दुसऱ्या पायरीवर माझ्यापेक्षा कमी चुका करून पोचावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एकच धागा धरा

'जुनी कार्टूनं' म्हणजे माझ्या लेखी थिएटरसाठी बनलेली अमेरिकन विनोदी कार्टूनं. डिस्नेचं 'स्टीमबोट विली' १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागलं तिथपासून साधारण १९६० पर्यंतची. मुख्य सिनेमाच्या आधी ही दाखवत. सहा ते आठ मिनिटांची, आणि प्रेक्षकांत मुलांइतकीच मोठी माणसंही असत. म्हणून त्यांतले निम्मे विनोद मुलांच्या डोक्यावरून जातात, आणि म्हणूनच ती पन्नाशीतही पुरतात.

सगळंच जमवायला जाऊ नका. एकट्या टॉम अँड जेरीची थिएटरसाठी बनलेली कार्टूनं १६१ आहेत. त्यांतली पहिली ११४ हॅना आणि बार्बेरा या दिग्दर्शक जोडीची, मग १३ जीन डाइचने प्रागमध्ये बसून केलेली, मग ३४ चक जोन्सची. एक दिग्दर्शक धरा, एक पात्र धरा किंवा एकच वर्ष धरा. फ्लायशर बंधूंची बेटी बूप आणि पॉपाय ही पात्रं धरलीत तर तिथेही वर्षं निघतील. मी टेक्स एव्हरीचा एमजीएम स्टुडिओतला काळ धरला. कारण सांगायचं तर, त्याला आपण फिल्म पाहतो आहोत हे एक क्षणही विसरू द्यायचं नसतं. 'डम-हाउंडेड'मध्ये लांडगा इतक्या जोरात वळण घेतो की चौकटीबाहेर, फिल्मच्या भोकांच्याही पलीकडे जातो. फिल्म हातात धरणाऱ्याला यासारखी मेजवानी नाही.

तीनदा पाहा

काही विकत घेण्याआधी हा अभ्यास करा, फुकटचा आहे. एक कार्टून निवडा आणि तीनदा पाहा. पहिल्यांदा नुसतं हसायला. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून.

आवाज बंद केला की वेळेचं गणित उघडं पडतं. कोल्हा कड्यावरून पडतो, त्याआधी किती वेळ हवेत थांबतो, आपल्याकडे किती वेळ बघतो, हे डोळ्यांनी मोजता येतं. पाठ केली की वॉर्नरच्या कार्टूनांत कार्ल स्टॉलिंग काय करायचा ते कळतं. पडद्यावर जे चाललंय त्याच्याशी शब्दांनी जुळणारी एखादी लोकप्रिय चाल तो दोन ओळींपुरती घुसवतो आणि निघून जातो. कारखाना किंवा यंत्रं दिसली की बहुधा रेमंड स्कॉटच्या 'पॉवरहाउस'ची धावती धून. एमजीएमकडे स्कॉट ब्रॅडली होता, त्याचं संगीत मांजराच्या पावलांबरोबर पावलं टाकतं.

मग एक चौथी पायरी, खास खुळ्यांसाठी. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांत १०,०८०. त्यांतल्या दहा सेकंदांच्या एकेक करून पाहा. सुरुवात चक जोन्सच्या १९४२ च्या 'द डोव्हर बॉइज'पासून करा. त्यातली माणसं एका पवित्र्यातून दुसऱ्यात जातात तेव्हा मधल्या चौकटीत माणूस नसतोच, रंगाचा एक लांबच लांब फराटा असतो, कधी त्याला दोन-तीन तोंडंही. चालू असताना तो दिसत नाही, फक्त जाणवतो. मी पहिल्यांदा तो फराटा थांबवून पाहिला तेव्हा छपाईत शाई फासली गेली असंच वाटलं होतं. शाई मुद्दाम फासली होती.

कुठल्या रूपात घ्यायचं

थिएटरची मूळ प्रत ३५ मिमी रुंदीच्या फिल्मवर. तिच्या वाटेला नवख्याने जाऊच नये. १९५० च्या सुमारापर्यंत ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असे. ती भडकली की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्याने विझत नाही. अशी फिल्म हाती आली तर उघडून बघत बसू नका, फिल्म जतन करणाऱ्या एखाद्या संग्रहालयाला कळवा.

घरासाठी १६ मिमी. कोडॅकने ती १९२३ मध्ये आणली तीच मुळी घरात सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटच्या बेसवर (बेस म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ती पारदर्शक पट्टी). टीव्ही केंद्रं, शाळा, वाचनालयं यांच्यासाठी निघालेल्या १६ मिमी प्रती आज संग्राहकांच्या हाती फिरतात. त्याखाली ८ मिमी (१९३२) आणि सुपर ८ (१९६५). ही सगळ्यांत स्वस्त वाट आणि गमतीचीही, कारण घरगुती बाजारासाठी कार्टूनं सर्रास छाटली जात. कॅसल फिल्म्सने वॉल्टर लँट्झची कार्टूनं अशी विकली. बऱ्याच वेळा बिनआवाजी आणि नाव बदललेली. डब्यावरचं सुंदर चित्र बघून लोक आजही ते घेतात. मीही घेतले. डबा कपाटात मानाने बसलाय, आतली फिल्म मी दोनदा पाहिली असेल.

माझं मत विचाराल तर १६ मिमी आवाजी प्रत आणि चांगली डिस्क, दोन्ही. डिस्क वाचायला, फिल्म पाहायला.

नाक, बोट, डोळा

रीळ घेताना मी याच क्रमाने जाते.

डबा उघडा आणि वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर झाकण लावा. ॲसिटेटचा बेस कुजायला लागला की ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि सुटलेलं ॲसिड कुजणं आणखी वाढवतं. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी ठिसूळ. यावर औषध नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त वेग कमी होतो. शिवाय ही वाफ शेजारच्या रिळांना लागते. हे मला माहीत होतं, तरी 'थोडासाच तर वास आहे' म्हणून एक रीळ मी चार चांगल्या रिळांच्या मध्ये ठेवलं आणि वर्षभर कपाट उघडलं नाही. पाचही आंबली. तेव्हापासून नव्या रिळाला आधी वेगळ्या खोलीत मुक्काम. ॲसिड मोजायला रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या मिळतात, ए-डी स्ट्रिप म्हणतात त्यांना. निळ्याची हिरवी आणि हिरव्याची पिवळी होत जाते. डब्यात एक दिवस ठेवून बघा, नाकाला उशिरा कळतं ते तिला आधी कळतं.

पॉलिएस्टर बेसला हा रोग होत नाही. ओळखायची सोपी युक्ती: गुंडाळलेलं रीळ दिव्यासमोर आडवं धरून बाजूने बघा. उजेड आरपार झिरपत असेल तर पॉलिएस्टर, काळंकुट्ट दिसलं तर ॲसिटेट. ओढून तोडायच्या परीक्षेला जाऊ नका. पॉलिएस्टर तुटत नाही, तुमचं बोट कापतं.

मग बोट. सुती हातमोजा घालून रीळ हाताने उलगडायचं आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून दोन्ही कडा सरकू द्यायच्या. फाटलेलं भोक, सुटलेला सांधा, दुमडलेली कड, सगळं चिमटीला कळतं. प्रत्येक सांध्यावर थांबून भिंगाने बघा: दोन्ही बाजूंचं चित्र जुळतं का? जुळत नसेल तर मधलं काही गेलंय. टीव्हीसाठी छाटलेल्या प्रतींत अख्खे विनोद नाहीसे असतात.

लांबी मोजली की हे आणखी पक्कं होतं. १६ मिमीची आवाजी फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे २५२ फूट. हातात २२० भरले तर विकणाऱ्याला 'पूर्ण आहे' या शब्दाचा अर्थ विचारा.

शेवटी कडेवरच्या खुणा. कोडॅक आपल्या फिल्मच्या कडेला वर्षाची खूण छापत असे, गोल, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं. ही मालिका दर वीस वर्षांनी फिरून येते. नुसता एक गोल म्हणजे १९३६, १९५६ किंवा १९७६. मग मुद्रितशोधकाचं डोकं चालवायचं. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मवरची प्रिंट असेल तर १९३६ बाद, तेव्हा ती फिल्मच नव्हती. टीव्ही कंपनीचं बोधचिन्ह पुढे जोडलेलं असेल तर ती कंपनी कधीची ते बघा. एक मात्र लक्षात ठेवा, मूळ निगेटिव्हवरची खूणही कधीकधी प्रतीवर उतरते. म्हणजे दोन खुणा दिसल्या तर धांदल करू नका. आणि खूण सांगते ते फिल्म तयार झाल्याचं वर्ष, कार्टूनचं नव्हे.

रंगाचं प्रकरण

माझी पहिली खरेदी गुलाबी होती. कार्टून गुलाबी मांजराचं वगैरे नव्हतं. आकाश गुलाबी, गवत गुलाबी, लांडगा गुलाबी. विकणाऱ्याने 'रंग किंचित उबदार' असं लिहिलं होतं. त्या शब्दांचा अर्थ मला आता कळतो.

त्यामागची गोष्ट छापखान्यात आयुष्य गेलेल्यांना लगेच समजेल. जुनं टेक्निकलर, ज्याला संग्राहक 'आयबी' म्हणतात, ते चक्क छपाईसारखं असे. तीन ठसे, तीन रंगांच्या शाया, एकावर एक फिल्मवर उठवलेल्या. त्या शाया निवडतानाच टिकाऊ निवडता येत. म्हणून ऐंशी वर्षांपूर्वीची आयबी प्रत आजही ताज्या छपाईसारखी झळकते. ईस्टमनकलरमध्ये रंग फिल्मच्या थरातच रसायनांनी तयार होतात. ही पद्धत सोयीची आणि स्वस्त होती, पण १९५० पासून १९८० च्या सुरुवातीपर्यंतच्या फिल्मवरचे ते रंग टिकले नाहीत. निळाई आधी उडते, मग पिवळा, आणि मागे उरतो तो गुलाबी. प्रोजेक्टरच्या भिंगापुढे फिकट निळसर काच धरून थोडं सावरता येतं, पण उडालेली शाई परत येत नाही.

हे नुसतं नटण्या-मुरडण्यापुरतं नाही. एव्हरीच्या १९४८ च्या 'लकी डकी'मध्ये बदकामागे धावता धावता शिकारी एका पाटीपाशी येतात. पाटीवर लिहिलंय, टेक्निकलर इथे संपतं. पुढे जाताच सगळं कृष्णधवल. गुलाबी प्रतीत हा विनोद मरतो, कारण पाटीच्या अलीकडे गुलाबी आणि पलीकडेही गुलाबी.

उलटी चूकही करू नका. तीन रंगांचं टेक्निकलर डिस्नेने १९३२ च्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'पासून वापरलं आणि कार्टूनांसाठी त्याचा हक्क १९३५ पर्यंत स्वतःकडेच राखला. त्यामुळे १९३४-३५ ची इतर स्टुडिओंची रंगीत कार्टूनं दोनच रंगांच्या पद्धतींत आहेत. लाल-हिरव्यात काढलेलं जग तुम्हाला विटलेलं वाटेल. ते विटलेलं नाही, जन्मतःच तसं आहे. फ्लायशरच्या १९३४ च्या 'पुअर सिंड्रेला'मध्ये बेटी बूपचे केस लाल आहेत. बेटीचं त्या काळातलं तेवढं एकच रंगीत कार्टून. एकाने ती प्रत 'रंग बिघडलाय' म्हणून परत केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे होऊन ती घ्यायला तेवढी चपळाई दाखवली नाही, याची चुटपुट अजून आहे.

पहिली वीस सेकंदं

प्रत ओळखायची ती सुरुवातीच्या नामपट्टीवरून. पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलं तरी आतला मजकूर तोच राहतो, पण कोणती आवृत्ती हे सांगणारं पान गेलेलं असतं. कार्टूनचंही तेच.

वॉर्नरने १९४३ पासून आपली जुनी रंगीत कार्टूनं 'ब्लू रिबन' या मथळ्याखाली पुन्हा थिएटरांत आणली. नवी नामपट्टी जोडली, आणि जुनी, दिग्दर्शक-लेखक-चित्रकारांच्या नावांची, मूळ निगेटिव्हवरूनच काढून टाकली. कितीतरी कार्टूनं कुणी काढली हे पडद्यावरून कळेनासं झालं. म्हणून मूळ नामपट्टीची एखादी जुनी प्रत कुणाच्या माळ्यावरून निघाली की आम्ही मंडळी हरखतो. कार्टून सगळ्यांनी शंभरदा पाहिलेलं असतं, आनंद असतो तो सुरुवातीच्या वीस सेकंदांचा.

मग टीव्ही आला. १९५६ मध्ये वॉर्नरची ऑगस्ट १९४८ पूर्वीची रंगीत कार्टूनं आणि पॅरामाउंटची पॉपायची कार्टूनं ए.ए.पी. नावाच्या वितरक कंपनीने घेतली. त्या प्रतींच्या सुरुवातीला ए.ए.पी.चं चिन्ह येतं. पॉपायच्या सुरुवातीला येणारं पॅरामाउंटचं डोंगराचं चिन्ह तर काढूनच टाकलं. अशी प्रत हलकी समजू नका, तिची स्वतःची एक आवृत्ती आहे. पण 'मूळ थिएटर प्रत' म्हणून कुणी विकत असेल तर ते चिन्ह दाखवा आणि गप्प बसा. समोरचा बोलेल.

सर्वांत विचित्र पाठभेद १९६० च्या दशकाच्या अखेरचा. टीव्ही रंगीत झाला, वॉर्नरच्या पोर्की या डुकराच्या कृष्णधवल कार्टूनांना मागणी राहिली नाही. मग जुनी कृष्णधवल कार्टूनं चौकट-चौकट गिरवून, रंगवून नव्याने चित्रित केली. गिरवताना चौकटी गाळल्या, रेषा बदलल्या, हालचाल अडखळू लागली. पोर्की रंगीत दिसला, मागचं चित्र पोस्टरसारखं सपाट आणि पाय बर्फावर घसरल्यासारखे, की समजायचं. मी अशी एक प्रत मुद्दाम ठेवली आहे. भाच्याला मूळ आणि गिरवलेली लागोपाठ दाखवते. व्याख्यान द्यावं लागत नाही.

प्रोजेक्टरवर चढवताना

जुन्या प्रोजेक्टरला आधी रिकामं चालवून बघा, मग टाकाऊ फिल्मवर, मग खऱ्या रिळावर. गेट (दिव्यासमोरून फिल्म जाते ती फट) आणि फिल्म ओढणारे दाते मऊ ब्रशने स्वच्छ करा. धातूचं काही आत घालू नका. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल लूप, म्हणजे वळसा, ठेवा. गेटमध्ये फिल्म झटक्याने थांबत-थांबत जाते, आवाजाच्या ड्रमवर मात्र ती एकसारखी सरकायला हवी. दोघांतला हा तंटा लूप सोसतो. १६ मिमीवर आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. खालचा लूप लहान-मोठा झाला की हातोडा आधी पडतो आणि 'ठण्ण' नंतर येतं. विनोदी कार्टूनमध्ये हे अक्षम्य. लूप नीट करा, मगच 'प्रत बेकार आहे' म्हणा.

आता माझी फजिती. एव्हरीचं १९५२ चं 'मॅजिकल मॅएस्ट्रो'. एक ऑपेरा गायक गातोय आणि एक जादूगार त्याला मधेच भलत्याच सोंगांत बदलतोय. बरीच शोधाशोध करून प्रत मिळवली होती, भाचा आणि त्याचे दोन मित्र समोर. गाणं रंगात आलं आणि पडद्याच्या खालच्या कडेला एक केस वळवळायला लागला. गेटमध्ये केस अडकला की दिसतो अगदी तसाच. मी धसका घेतला. इतकी तयारी करून केस! दिवा बंद, मोटर बंद, फिल्म काढली, गेटमध्ये फुंकर मारली, ब्रश फिरवला, भिंगाने पाहिलं. काही नाही. पुन्हा चढवली. पुन्हा केस. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा भाचा म्हणाला, मावशी, जरा पुढे जाऊ दे ना. पुढे गेलं. गायकाने गाता गाता हात खाली नेला, तो केस उपटला आणि टाकून दिला.

एव्हरीने तो केस काढूनच ठेवला होता. प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी. विनोदाचं गिऱ्हाईक खोलीत एकच होतं आणि ते ब्रश घेऊन उभं होतं.

डिस्कवर हा विनोद निम्माच कळतो. फिल्म का जमवावी असं कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते.

डिस्कबद्दल थोडं

तरी डिस्क हवीच. वॉर्नरच्या कार्टूनांची ओळख करून घ्यायला 'लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन'चे सहा खंड (२००३ ते २००८) अजून उत्तम. डिस्नेसाठी पत्र्याच्या डब्यात आलेली 'वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स' मालिका, २००१ पासूनची. घेण्याआधी डिस्कचा रीजन, म्हणजे ती कुठल्या देशांसाठी आहे तो कोड, तुमच्या प्लेअरला चालतो का ते बघा.

'डिजिटल सफाई' या शब्दांना भुलू नका. धूळ पुसणारं सॉफ्टवेअर एका चौकटीत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही अशी प्रत्येक गोष्ट धूळ समजतं. भरभर हलणारी रेषाही तशीच असते. मग मिशी अर्धी गायब, बोटांच्या कडा तुटक. एखाद्या नवशिक्याने अनुस्वार म्हणजे शाईचे ठिपके समजून सगळे खोडून टाकावेत, तसं. वेगवान प्रसंगात डिस्क थांबवून रेषा अखंड आहेत का बघा. थोडी धूळ राहिलेली प्रत मी केव्हाही पत्करेन.

डिस्कही मरतात. थर सुटतो, डाग पडतात, एक दिवस वाचलीच जात नाही. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा, नुसती सुरुवात नव्हे.

हक्क संपलेल्या कार्टूनांच्या स्वस्त डिस्कही ढीगभर आहेत. 'स्टीमबोट विली' अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून सर्वांचं झालं. फ्लायशर स्टुडिओने सुरू केलेली सुपरमॅनची १७ कार्टूनं (१९४१-४३) तर त्याच्या कितीतरी आधीपासून. पण हक्क नसलेल्या कार्टूनची काळजी घेणाराही बऱ्याचदा कुणी नसतो, त्यामुळे प्रतीची प्रत आणि तिची प्रत असा माल असतो. बघून घ्या. आणि रीळ तुमचं झालं म्हणून हक्क तुमचा होत नाही. घरात दाखवा, तिकीट लावू नका.

सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर रंगवलेली मूळ चित्रं, हे वेगळंच जग आहे आणि माझं नाही. स्टुडिओ ते ताव धुऊन पुन्हा वापरत, म्हणून जुने फार उरले नाहीत. उरलेल्यांचा रंग तडकतो. शिवाय एकच चौकट, तीही न हलणारी. मला करमत नाही.

न आवडणारे पाठ

जुन्या कार्टूनांत कृष्णवर्णीयांची, जपान्यांची, ज्यूंची ओंगळ व्यंगचित्रं भरपूर आहेत. वॉर्नरची अकरा कार्टूनं १९६८ पासून टीव्हीवर दाखवणंच बंद झालं. टॉम अँड जेरीतली घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई टीव्हीसाठी काही कार्टूनांत गोरी, सडपातळ करून पुन्हा रेखाटली, आवाज बदलला. 'थ्री लिटल पिग्ज'मधल्या लांडग्याचं ज्यू फेरीवाल्याचं सोंगही पुढे बदललं. माझा नियम साधा आहे. संग्रहातली प्रत मी कापत नाही, आणि मुलांसमोर लावण्याआधी प्रत्येक प्रत एकटीने शेवटपर्यंत पाहते. काही रिळं भाच्यासाठी कधीच बाहेर निघाली नाहीत.

ठेवायचं कसं, लिहायचं कसं

थंड, कोरडी, हवा खेळती असलेली जागा. आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांत. माळा नको, तळघर नको. डबे आडवे, घट्ट बंद प्लास्टिक पिशवीत कधीच नाही. फिल्म फार आवळून गुंडाळू नका. वर्षातून एकदा हाताने उलगडून पुन्हा गुंडाळा, वास घ्या.

आणि प्रत्येक रिळामागे एक कार्ड लिहा. कार्टूनची माहिती कुठेही मिळते, तुमच्या प्रतीची माहिती तुमच्याशिवाय कुणाकडे नसते. माझी कार्डं प्रूफ तपासायच्या लाल पेनानेच लिहिलेली आहेत, सवय जात नाही. एक नमुना देते:

मॅजिकल मॅएस्ट्रो. एमजीएम, १९५२. १६ मिमी, आवाजी. बेस: ॲसिटेट. वास: नाही. रंग: लालीकडे झुकलेला. सांधे: दोन, दोन्ही पक्के. नामपट्टी: पूर्ण. सूचना: केस प्रिंटमध्येच आहे. प्रोजेक्टर थांबवू नये.